रामटेकने पंतप्रधान दिला का?

प्रश्न : ताई, मी पारशिवनी तालुक्यातला, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे आजोबा नेहमी सांगतात, “आमच्या रामटेकनं देशाला पंतप्रधान दिला.” कॉलेजातला मित्र म्हणतो, नरसिंह राव पंतप्रधान झाले तेव्हा ते रामटेकचे खासदारच नव्हते. खरं कोणाचं? आणि आंध्रातला आमदार आपल्याकडून उभा राहिलाच कसा?

उत्तर : मित्राची माहिती बरोबर आहे. पण आजोबांना खोटं पाडू नकोस, त्यांच्या बोलण्यातही तथ्य आहे.

आधी त्यांची आमदारकी बघ, कारण सगळे जण तिथूनच घाईघाईने पुढे जातात. पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव १९५२ साली करीमनगरमधून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. १९५७ मध्ये मंथनीतून विधानसभेवर गेले आणि १९७७ पर्यंत त्याच मतदारसंघाचे आमदार राहिले. त्या वीस वर्षांत कायदा, आरोग्य, शिक्षण अशी खाती सांभाळली आणि सप्टेंबर १९७१ मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा नेटाने रेटला. स्वतः जमीनदार घरातले असून आपली जमीनही सोडली. मोठे जमीनदार दुखावले, त्यातच मुलकी नियमांवरून, म्हणजे तेलंगणातल्या सरकारी नोकऱ्यांत स्थानिकांना प्राधान्य देणाऱ्या नियमांवरून, वेगळ्या आंध्रासाठी ‘जय आंध्र’ आंदोलन पेटलं आणि जानेवारी १९७३ मध्ये राज्यात राष्ट्रपती राजवट आली. सव्वा वर्षात मुख्यमंत्रिपद गेलं. १९७७ मध्ये हनमकोंड्यातून ते लोकसभेत पोहोचले तेव्हा वय पंचावन्न होतं. १९८० मध्ये परराष्ट्रमंत्री झाले.

आता रामटेक. डिसेंबर १९८४ च्या निवडणुकीत ते हनमकोंडा आणि रामटेक अशा दोन ठिकाणी उभे होते. लोकसभेसाठी उमेदवार देशातल्या कुठल्याही मतदारसंघाचा मतदार असला तरी चालतो, म्हणून तेलंगणातला माणूस आपल्याकडे उभा राहू शकला. किती जागांवरून उभं राहायचं याला तेव्हा मर्यादाच नव्हती. दोनची अट १९९६ पासून आली. हनमकोंड्यात भाजपचे चंदुपटला जंगा रेड्डी यांनी त्यांना हरवलं. इंदिराजींच्या हत्येनंतरच्या त्या लाटेत भाजपला देशभरात फक्त दोन जागा मिळाल्या, त्यातली एक ही. रामटेकने मात्र त्यांना निवडून दिलं.

त्या निवडणुकीत माझी ड्यूटी मनसरच्या पुढच्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली होती. नोकरीला लागून मला दोनच वर्षं झाली होती. आदल्या संध्याकाळी मतपेट्या, मतपत्रिकांचे गठ्ठे आणि लाखेच्या कांड्या घेऊन आम्ही ट्रकमधून उतरलो. थंडी अशी की वर्गाच्या फरशीवर पाय टेकवत नव्हता. शेजारच्या घरातून एक आजी आमच्यासाठी झुणका आणि गरम भाकरी घेऊन आल्या. जाता जाता म्हणाल्या, “मानूस तेलंगी हाय म्हन्तेत, पन मराठी आपल्यासारखीच बोलते, बापा!” ड्यूटीवर असल्यामुळे आम्ही कोणीच त्यावर बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्याच आजींच्या डाव्या तर्जनीवर मी शाई लावली. त्यांनी शिक्का कुठे मारला ते मला ठाऊक नाही, पण त्यांचं ते वाक्य चाळीस वर्षांनंतरही कानात आहे.

आजींनी ऐकलं होतं ते खरंच होतं. नरसिंह रावांनी पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये विज्ञानाचं आणि आपल्या नागपूर विद्यापीठात कायद्याचं शिक्षण घेतलं. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत आणली. म्हणजे आपल्या भागात ते परके म्हणून आले नव्हते. त्यांना ‘बाहेरचा उमेदवार’ म्हणून एका वाक्यात निकाली काढणाऱ्यांशी माझं आजही पटत नाही.

रामटेकचे खासदार म्हणूनच ते आधी संरक्षणमंत्री आणि सप्टेंबर १९८५ पासून मनुष्यबळ विकासमंत्री झाले. १९८६ चं राष्ट्रीय शिक्षण धोरण त्यांच्याच काळातलं. नवोदय विद्यालयंही तेव्हाचीच. तुझ्याच तालुक्यात, नवेगाव खैरीला, नवोदय आहे. सहावीच्या प्रवेश परीक्षेसाठी गावोगावची मुलं धडपडतात ती शाळा. आता आमदारकीकडे परत ये. १९७१ मध्ये आंध्रात नलगोंडा जिल्ह्यातल्या सर्वेलला खेड्यातल्या हुशार मुलांसाठी सरकारी निवासी शाळा निघाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. राज्यात करून पाहिलेलं काम त्यांनी पंधरा वर्षांनी देशभर नेलं. म्हणून मी त्यांची आमदारकी आधी सांगितली. दिल्लीत गेल्यावर काय करायचं, याची शिदोरी ते घरून बांधून आले होते.

१९८९ मध्ये रामटेकने त्यांना पुन्हा निवडलं. १९९१ मध्ये मात्र ते कुठूनच उभे राहिले नाहीत. राजकारणातून बाजूला होऊन हैदराबादला परतायची तयारी सुरू होती. २१ मे रोजी राजीव गांधींची हत्या झाली आणि बरोबर एका महिन्याने, २१ जूनला, नरसिंह रावांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. त्या दिवशी ते संसदेच्या कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. राज्यघटनेच्या कलम ७५(५) प्रमाणे अशा मंत्र्याला सहा महिन्यांत निवडून यावं लागतं. आंध्रातल्या नंद्यालच्या काँग्रेस खासदारांनी राजीनामा दिला, तिथे नोव्हेंबरमध्ये पोटनिवडणूक झाली, तेलुगू देसमने उमेदवारच दिला नाही आणि राव पाच लाखांहून अधिक मतांनी निवडून आले.

तेव्हा कागदोपत्री पंतप्रधान नंद्यालचे. पण १९८४ मध्ये घरच्या मतदारसंघाने नाकारलेल्या माणसाला रामटेकने लोकसभेत बसवलं नसतं, तर पुढची सात वर्षं कशी गेली असती? राज्यसभेची वाट होती, हे मान्य. तरी लोकांनी निवडून दिलेला मंत्री म्हणून ते दिल्लीत राहिले ते आपल्या जिल्ह्याच्या मतांवर. आजोबांना सांग, “दिला” ऐवजी “सांभाळला” म्हणा. आणि त्यांनी १९८४ ची एखादी सभा ऐकली असेल, तर ते काय सांगतात ते लिहून ठेव. ते ऐकलेली माणसं आता कमी होत चालली आहेत.

प्रश्न : आमदार खासदार झाला तर दोन्ही पदं ठेवता येतात का? आमच्या भिशीत यावरून वाद झाला. — एक गृहिणी, धरमपेठ

उत्तर : नाही. घटनेच्या कलम १०१(२) नुसार आणि १९५० च्या नियमांनुसार चौदा दिवसांत आमदारकीचा राजीनामा द्यावा लागतो. दिला नाही, तर खासदारकी जाते. पुष्कळांना उलटं वाटतं, तुमच्या भिशीतही तसंच झालं असेल.

मात्र मुख्यमंत्री झाला म्हणून खासदारकी आपोआप जात नाही. गिरिधर गमांग फेब्रुवारी १९९९ मध्ये ओडिशाचे मुख्यमंत्री झाले, पण आमदार झालेले नव्हते आणि खासदारकीही सोडलेली नव्हती. १७ एप्रिलला त्यांनी लोकसभेत मतदान केलं आणि वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं पडलं. त्यावर खूप टीका झाली, पण नियमाच्या दृष्टीने ते मत देऊ शकत होते.

चौदा दिवस निकालाच्या दिवसापासून मोजू नका. निवड राजपत्रात प्रसिद्ध होते त्या तारखेपासून मोजा. केंद्राच्या आणि राज्याच्या राजपत्रांतली जी तारीख नंतरची असेल, ती धरायची.