कबड्डीत डोक्याला दोनदा मार लागलाय, पुढे वय झाल्यावर त्रास होऊ शकतो का?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाला एकाच सीझनला दोनदा डोक्याला लागलं, शुद्ध गेली नाही, सीटी स्कॅन पण नॉर्मल, मग खेळू द्यायला काय हरकत. हरकत आहे भाऊ. मी डॉक्टर नाही, जळगाव जिल्ह्यात बरीच वर्षं खेळलो आणि आता टुर्नामेंटला पंच म्हणून उभा राहतो, त्यामुळे ह्या विषयावर सापडेल ते वाचत असतो.

शुद्ध गेली नाही यावर जाऊ नका. कन्कशनमध्ये, म्हणजे मार बसून मेंदू आतल्या आत हादरतो त्यात, बहुतेक जण बेशुद्ध होतच नाहीत. सीटीत रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर कळतं, कन्कशन कळत नाही. वाळलेल्या नारळात गोटा आतल्या आत आपटतो ना, तसं मेंदूचं होतं, करवंटीला तडा जायलाच पाहिजे असं काही नाही.

आपल्याकडे होतं कसं, अँकल होल्डला, म्हणजे घोटा धरायला वाकलेल्या पोराच्या कानशिलावर रेडरचा गुडघा बसतो, नाहीतर चेन टाकताना दोघांची डोकी एकमेकांवर आदळतात, पोरगं सुन्न होऊन बसतं, कोणीतरी तोंडावर पाणी मारतं, "काही नई व्हयनं रे भो, चाल" म्हणतं आणि पुढच्या रेडला तो परत मैदानात. यात्रेतल्या मॅचला तर विचारूच नका. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर, त्यातही कोवळ्या वयात, मेंदूला एकदम सूज येऊन जीव जाऊ शकतो. क्वचित होतं, पण होतं.

आता म्हातारपणाचं. बॉक्सर लोकांचं डोकं मार खाऊन खाऊन कामातून जातं हे मार्टलंड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९२८ लाच लिहून ठेवलंय. पुढे अमेरिकन फुटबॉलवाला माइक वेबस्टर २००२ मध्ये पन्नाशीतच गेला, डॉ. बेनेट ओमालूंनी त्याचा मेंदू तपासला तर टाऊ नावाचं प्रोटीन साचलेलं. याला सीटीई म्हणतात. विसरायला होणं, संताप, डिप्रेशन, शेवटी डिमेन्शिया, आणि पक्कं निदान मेल्यावरच होतं. २०१७ च्या अभ्यासात तिथल्या प्रो लीगच्या १११ खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत हे सापडलं, पण ते मेंदू घरच्यांनी दान दिलेले, आणि ज्यांच्याकडे त्रास दिसला तेच जास्त करून देणार, म्हणून सगळ्यांनाच होतो असा अर्थ काढू नका. इंग्लंडचा फुटबॉलवाला (आपला नेहमीचा फुटबॉल) जेफ अ‍ॅस्टल तर बॉल डोक्याने मारून मारून गेला, ५९ व्या वर्षी. म्हणजे मोठे दोन मार मोजून भागत नाही, वर्षानुवर्षं बसलेले बारीक धक्के पण धरावे लागतात.

त्यामुळे दोन मारांवरून खेळ कायमचा सोडवू नका असं माझं मत आहे, पण सध्या थांबवा. एक-दोन दिवस आराम, मोबाईल कमी, मग चालणं, पळणं, मग कोणी न पकडता रेडची प्रॅक्टिस, आणि पकड-डॅश डॉक्टरने हो म्हटल्यावरच. मध्ये डोकं दुखलं की एक पायरी मागे. "बरं आहे" हे त्याच्या तोंडून ऐकून सोडू नका, फायनल असली की सगळेच बरे असतात. क्रिकेटमध्ये डोक्याला मार लागला तर आयसीसी २०१९ पासून बदली खेळाडू द्यायला लागलीय ते उगाच नाही, २०२० ला कॅनबेरात जडेजाच्या हेल्मेटला बॉल लागला तेव्हा चहल आला होता. कबड्डीत तर बदली खेळाडू बाकावर बसलेलेच असतात.

सारख्या उलट्या, झटका, वाढत जाणारी डोकेदुखी, बोलणं अडखळणं किंवा झोपेतून नीट जागं न होणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता धुळं किंवा जळगाव, जे जवळ पडेल तिथल्या मोठ्या दवाखान्यात न्या.