सुईची बायोप्सी करू की सरळ गाठच काढून टाकू?

ताई, तुम्ही लिहिलंय की आईंच्या स्तनात गाठ आहे, डॉक्टर सुईची बायोप्सी करू म्हणतायत आणि घरचे म्हणतायत सुई टोचली की कॅन्सर पसरतो, त्यापेक्षा गाठच काढा. आमच्या घरी दोन्ही झालंय म्हणून कळकळीने सांगते, आधी सुईच.

माझ्या मावशीची गाठ तपासणीसाठी म्हणून सरळ ऑपरेशन करून काढली. रिपोर्ट कॅन्सरचा आला, काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी निघाल्या आणि टाके वाळतायत तोवर परत भूल, परत ऑपरेशन, यावेळी काखेतल्या गाठींसाठी पण. आधी कळलं असतं तर एकदाच नीट ठरवून झालं असतं बहुतेक.

माझ्या वेळी कोअर बायोप्सी केली, म्हणजे जरा जाड सुईने गाठीचे छोटे तुकडे काढायचे. जागा बधिर करायचं इंजेक्शन तेवढं झोंबलं, मग सोनोग्राफीत बघत बघत सुई आत, स्टेपलरसारखा खट्ट आवाज, असं चार-पाच वेळा. बाटलीत पांढरट शेवयांसारखे तुकडे तरंगत होते, तेवढंच. टाका नाही, नंतर दाबून धरलं, बर्फ लावला आणि घरी. कॅन्सर निघाला तर त्याच तुकड्यांवर ईआर, पीआर (कॅन्सर हार्मोन्सवर वाढतो का) आणि हर टू (त्या नावाचं प्रथिन जास्त आहे का) या टेस्ट होतात आणि त्यावरून ऑपरेशन आधी की केमो आधी हे ठरतं, गाठ आधीच काढून टाकली तर हा पर्यायच राहत नाही. फक्त एक विचारून घ्या, बारीक सुईची एफएनएसी आहे की कोअर, कारण एफएनएसीत सुट्ट्या पेशीच येतात, कॅन्सर दुधाच्या नळीतच आहे की बाहेर पसरलाय हे त्यात कळत नाही.

पसरण्याची भीती मलाही होती. सुईच्या वाटेत क्वचित चार पेशी सरकतात हे खरं, पण त्यामुळे आजार वाढतो किंवा आयुष्य कमी होतं असं दिसलेलं नाही, आणि निदान न करता थांबणं जास्त धोक्याचं.

ऑपरेशनची बायोप्सी कधीकधी लागतेच हां. सुईचा रिपोर्ट साधा आला पण मॅमोग्राफीतलं चित्र संशयास्पद असेल, किंवा रिपोर्टमध्ये 'एटिपिकल' (नेहमीपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या) पेशी लिहिल्या असतील, तर 'काही नाही निघालं' म्हणून घरी बसू नका, पुढे काय ते विचारा.

आई रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असतील तर आधीच सांगा, स्वतःहून बंद करू नका. आणि त्या दिवशी पुढून बटणं असलेलं काहीतरी घालायला द्या, हात वर करून कपडे काढायला नंतर दुखतं.