टायटॅनियाची (टायटॅनियम डायऑक्साइडची) नॅनोपावडर पाण्यात गुठळ्या करते, इथेनॉलमध्ये टिकते. मग कमी ध्रुवीय सॉल्व्हेंट घ्यावा का?

नाही. ध्रुवीयतेचा तक्ता उघडून सॉल्व्हेंट निवडायची ही सवय एकदाची मोडायला हवी, म्हणून लिहितोय.

तुम्ही म्हणता, २१ नॅनोमीटरची पावडर डिआयोनाइज्ड (आयन काढलेल्या) पाण्यात टाकली की तासाभरात साका बसतो. यात दोष पाण्याचा नाही, पीएचचा आहे. उघडं ठेवलेलं डिआयोनाइज्ड पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ५.५ ते ६ वर येतं, आणि टायटॅनियाचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला कणावरचा निव्वळ प्रभार शून्य होतो तो) नेमका ६ च्या आसपास. कणांवर प्रभारच उरला नाही तर ते एकमेकांना ढकलणार कशाने? पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (प्रभारांमधली ओढ द्रावक किती पटीने कमी करतो तो आकडा) ७८ असला तरी तिथे तो काही कामाचा नाही.

१०० मिली पाण्यात १ मोलर नायट्रिक आम्ल ०.१ मिली टाका. पीएच ३ येतो. आधी आम्ल, मग पावडर. उलट केलंत तर गुठळ्या आधी बनतात आणि त्या फोडत बसावं लागतं. ०.१ ग्रॅम पावडर याच पाण्याच्या थोड्या थेंबांत खलून पेस्ट करा, मग उरलेलं पाणी हळूहळू घाला. बीकर बर्फात ठेवून प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारी दांडी) १० मिनिटं, दोन सेकंद चालू, दोन सेकंद बंद. नंतर पीएच पुन्हा मोजा. झीटा पोटेन्शियल (कण एकमेकांना किती ढकलतील याचा अंदाज देणारा, कणाभोवतीचा विद्युत दाब) +३० मिलीव्होल्टच्या वर असलं की बस.

आणि 'अजून थोडं आम्ल' नको. १ मिलीमोलरला (म्हणजे पीएच ३ वर) कणाभोवतीचा प्रभाराचा पडदा सुमारे १० नॅनोमीटरपर्यंत पसरतो. पीएच १ वर आयन शंभरपट होतात आणि तो १ नॅनोमीटरवर आकसतो. मग झीटा कितीही दिसो, कण चिकटतात. नळाचं पाणी त्यातल्या क्षारांमुळे हाच घोळ घालतं. फॉस्फेट बफर तर दुहेरी, कारण फॉस्फेट टायटॅनियाच्या पृष्ठभागालाच जाऊन बसतं.

इथेनॉलमध्ये (डायइलेक्ट्रिक स्थिरांक २४.५) पावडर टिकली म्हणून तो 'चांगला' ठरत नाही. तिथे पृष्ठभागाचा प्रभार वेगळ्या हिशोबाने ठरतो आणि त्यातल्या पाण्याच्या अंशाने बदलतो. बाटली बदलली की निकाल बदलू शकतो. साधा पीएच मीटर तिथे जो आकडा दाखवतो तो पाण्यातल्या पीएचशी ताडून पाहू नका.

इथिलीन ग्लायकॉलचे गोडवे गाणाऱ्यांशी माझं कधीच जमणार नाही. त्याची श्यानता पाण्याच्या सुमारे अठरापट, म्हणून साका उशिरा बसतो, एवढंच. गुठळ्या असतातच, फक्त तरंगतात. पाण्यातला हिशोब बघा: २०० नॅनोमीटरचा भरीव कण दिवसाला सुमारे ६ मिलिमीटर खाली जातो, २ मायक्रॉनचा तासाला सुमारे २५. तुमचा तासाभरातला साका म्हणजे मायक्रॉनातल्या गुठळ्या. साका नाही म्हणजे डिस्पर्शन झालं, कण सुटे होऊन पसरले, असं धरू नका, आकार मोजा.

टोल्युइनमध्ये (२.४) प्रभारावर विसंबूच नका. दोन आयनांची ओढ पाण्यात ०.७ नॅनोमीटरवर उष्णतेच्या ऊर्जेइतकी होते, टोल्युइनमध्ये जवळपास २३ वर, त्यामुळे आयन सुटेच होत नाहीत. तिथे कणाला शेपटी, म्हणजे पृष्ठभागाला चिकटणाऱ्या रेणूची लांब साखळी, लावावी लागते: लोह ऑक्साइडला ओलेइक आम्ल. शेपटी द्रावकात विरघळली पाहिजे. त्याच डिस्पर्शनमध्ये इथेनॉल ओता, कण लगेच खाली. धुण्यासाठी लोक हेच वापरतात. शेपटी नसलेली पावडर असेल तर तिच्यावरचा ओलावा कणांमध्ये पूल बांधतो, म्हणून आधी ११० ते १२० अंशांवर वाळवून घ्या.

आम्लाची कृती टायटॅनियाची आहे, सगळ्या ऑक्साइडांना लावू नका. झिंक ऑक्साइड आम्लात विरघळून जाईल. सिलिकाचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट २ च्या आसपास, त्याला अल्कलीकडे न्या. अ‍ॅल्युमिनाचा ९ च्या आसपास, तो पीएच ४ ला मजेत राहतो. ज्वालेत बनलेल्या पावडरीत कण एकमेकांना वितळून जोडलेले असतात. तिथे २१ नॅनोमीटरचा हट्ट सोडा, १०० च्या आसपास आलात तरी पुष्कळ. सोनिकेशन वाढवत नेलंत तर प्रोबच्या टोकाचं टायटॅनियम झिजून नमुन्यात येतं. आणि आकार मोजण्यासाठी नमुना पातळ कराल तो त्याच पीएच ३ च्या पाण्याने. साध्या पाण्याने केलात तर मोजायच्या आत गुठळ्या परत तयार.