कोकणातले सडे खरंच ओसाड असतात का?

तुम्ही विचारलंय, "मे महिन्यात रत्नागिरीहून राजापूरला जाताना मैलोन्मैल काळा, उजाड कातळ दिसला. एवढा पाऊस पडूनही ही जमीन अशी ओसाड का? तिथे बघण्यासारखं काही असतं का?"

माझं गाव राजापूर तालुक्यातलं. घर खाली वाडीत आणि डोक्यावर सडा, म्हणजे तुम्ही पाहिलंत तसलं कातळाचं पठार. तुमची चूक एवढीच की तुम्ही मे महिन्यात आलात. तेव्हा आम्हीही तिकडे फिरकत नाही, दुपारी चपलेतूनसुद्धा पाय भाजतात.

आमच्या सातबाऱ्यावर सड्याच्या तुकड्यापुढे 'पोटखराबा' लिहिलेलं आहे, म्हणजे लागवडीला निकामी. दगड जांभा. मूळ खडकातलं बाकी सगळं लाखो पावसाळ्यांनी धुऊन नेलं आणि लोह, अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा हा झाला. वर मातीचा थर जेमतेम बोटभर, म्हणून झाडं नाहीत. पण आतून तो चाळणीसारखा आहे. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारं पाणी त्यात जिरतं, खालच्या शेडीवर, म्हणजे चिकण मातीच्या थरावर, अडतं आणि उतारावर झरा होऊन बाहेर येतं. आमची विहीर त्या पाण्यावर वैशाखापर्यंत तग धरते. निकामी जमिनीचं पाणी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पितोय, असा सगळा हिशेब.

जूनमध्ये पहिले दोन-चार मोठे पाऊस झाले की या. काळ्या कातळावर हातभर दांड्याला पांढरी लांबट फुलं आलेली दिसतील, ती दीपकाडी. ही जगात फक्त आपल्या किनारपट्टीवरच्या अशा सड्यांवर येते, आणि थोड्याच दिवसांत संपते. गणपतीच्या सुमारास निळी-जांभळी सीतेची आसवं येतात. ती उभ्याने दिसत नाहीत, सरळ पोटावर आडवं व्हा. फूल नखाएवढं, आणि खाली ओल्या मातीत टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या. पाण्यातले सूक्ष्म जीव त्या पिशव्या आत ओढून घेतात. मातीत नत्र नाही, मग झाड करणार काय, शिकार करतं!

कपडे भिजतील, ते सोडा. आडवं होण्याआधी जागा मात्र नीट बघा. सड्यावर फुरसं भरपूर, साप छोटा पण विषारी, म्हणून दगडाखाली हात घालायचा नाही आणि पायात बूट हवेत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली तर तिथेच थांबा. तिला घरटं असं नसतंच, उघड्या कातळावर दोन-चार खडे जमवून त्यात अंडी घालते. ठिपके असे की पाय पडेपर्यंत कळत नाही.

आता कातळशिल्पं. लहानपणी गुरं घेऊन जायचो तेव्हा कातळावर खोदलेल्या रेषा दिसायच्या. 'पांडवांनी काढलीत' एवढंच उत्तर मिळायचं. पावसाळ्यात त्या चरांमध्ये माती साचून गवत उगवतं, त्यामुळे काळ्यावर हिरव्या रेघेने काढल्यासारखं चित्र उठतं. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरून गुराख्यांना, म्हाताऱ्यांना विचारत गेले, तेव्हा कुठे हा पसारा जगापुढे आला. कशेळीचा हत्ती साधारण 18 मीटर लांब आहे, आणि त्याच्या पोटात पुन्हा प्राणी, पक्षी, मासे. आज हा हत्तीचा मुलूख नाही, तरी उक्षीलाही हत्ती आहे. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा माणूस. देवाचे गोठणेच्या शिल्पापाशी होकायंत्र ठेवलं की काटा भरकटतो, मी मोबाईलवरही करून पाहिलंय. 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत यातली नऊ ठिकाणं गेली. सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक सिंधुदुर्गातलं कुडोपी, एक गोव्यातलं पणसायमळ. नेमकं वय आणि अर्थ यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. परग्रहवासीयांचे व्हिडिओ बघून येणार असाल तर कृपया येऊ नका.

सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा, तिरप्या उन्हात चरांची सावली पडते. भर बाराला गेलात तर 'इथे काहीच नाही' म्हणून परत याल. फोटोसाठी रेषांत खडू, रांगोळी भरू नका. चरांवरून बूट घालून चालू नका. आणि गावात विचारल्याशिवाय जाऊ नका. बरीचशी शिल्पं खाजगी जमिनीत आहेत, शिवाय वाट चुकलात तर शोधायला आम्हालाच यावं लागतं.

एक गोष्ट मी सहसा सांगत नाही. नव्वदच्या दशकात हापूसची कलमं लावायची म्हणून वडिलांनी आमच्या सड्याच्या तुकड्यात सुरुंग लावून खड्डे काढले आणि खालून डोक्यावरून माती वाहून भरली. तीस खड्डे. जगली एकवीस कलमं, त्यांच्या पैशावर माझं कॉलेज झालं. सुरुंगाआधी तिथलं गवत काढून खाली काही आहे का, हे कुणी बघितलं नाही. कडेच्या एका कलमाच्या बुंध्यापासून दोन हातांवर एक खोदलेली रेघ आहे. सरळ खड्ड्याकडे जाते आणि तिथे तुटते.