कोकणात कबड्डीचं एवढं वेड असताना क्रिकेट गावोगाव कसं काय पसरलं?

मुख्य कारण टेनिस बॉल आणि मुंबईचे चाकरमानी. १९८३ चा वर्ल्डकप आणि मग टीव्ही आल्यावर वेड सगळ्या देशालाच लागलं, पण आपल्याकडे डोंगरउतार, सपाट मैदानं कमी, त्यात लेदर बॉलचं किट परवडणार कोणाला, म्हणून कबड्डीच बरी होती, एक अंगण पुरायचं. टेनिस बॉलने ती अडचण संपवली, पॅड नको, ग्लोव्हज नको, आणि भात कापून झालं की मळे मोकळेच असतात, पोरं धसकटं काढतात, पाणी मारून पिच चोपतात, चुन्याने बाउंड्री आखतात आणि पावसाळ्यापर्यंत मॅचेस चालतात. मी आमच्या रायगडातल्या गावच्या स्पर्धांना बरीच वर्षं स्कोअर लिहिलाय त्यावरून सांगतो, मे महिन्यात आणि शिमग्याला मुंबईकर आले की बॅटी, टीशर्ट, बक्षिसाची वर्गणी सगळं तेच आणायचे, वाडीविरुद्ध वाडी सामने त्यातूनच वाढले. चार-सहा ओव्हरची मॅच असल्यामुळे एका दिवसात ढीगभर टीम खेळून जातात हेही मोठं कारण.

फक्त एक लक्षात घ्या, हे सगळं टेनिस क्रिकेटबद्दल. लेदरचं क्रिकेट अजून तेवढं रुजलेलं नाही, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनमध्ये येतात आणि तिचं मुख्य केंद्र पुण्याला, त्यामुळे चांगल्या पोरालाही घाट चढावा लागतो. आणि कबड्डी काही संपली नाहीये हो, रायगड-रत्नागिरीत रात्रीच्या सामन्यांना अजून पाय ठेवायला जागा नसते.