देवराई की देवरहाटी? आणि राईचा मोहरीशी काय संबंध?

प्रश्न आलाय संगमेश्वर तालुक्यातून. गावातली मंडळी आणि मुंबईचे चाकरमानी मिळून गावदेवीच्या देवळाभोवतीचं जुनं रान सांभाळतात. अधूनमधून जमतात, पायवाट मोकळी करतात, पोरांना झाडं दाखवत हिंडवतात. आता तिथे फलक लावायचाय. जुनी माणसं 'देवरहाटी' म्हणतात, शिकलेली मुलं 'देवराई'. त्यांचं विचारणं असं की यातला शुद्ध शब्द कोणता, आणि राई म्हणजे मोहरी, तर रानाला राई का म्हणायचं?

मोहरीचं आधी उरकू. फोडणीतली राई संस्कृत 'राजिका'वरून आली, झाडांची राई 'राजि'वरून. राजि म्हणजे ओळ, रांग. प्राकृतात मधला 'ज' गळाला आणि 'राइ' उरलं. आमराई, वनराई या तिच्याच लेकी. गंमत अशी की ओळीने लावलेल्या आंब्यांना शोभणारा हा शब्द जाऊन चिकटला अशा रानाला, जिथे एकही झाड ओळीत नाही. आमराई कुणाच्या तरी आजोबांनी लावलेली असते. देवराई कुणीच लावलेली नसते, ती फक्त तोडलेली नसते. शब्द स्त्रीलिंगी, अनेकवचन 'देवराया'. लिहिताना 'पंढरीच्या देवराया' आठवून हसू येतं, पण रूप बरोबर आहे.

'देवरहाटी' मात्र मला अधिक आवडणारा शब्द. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे तोच चालतो, जमिनीच्या जुन्या कागदांतही सापडतो. 'राहाटी' हा जुन्या मराठीतला शब्द : वागणूक, रीत, वहिवाट. कोकणात 'गावरहाटी' म्हटलं की मानकरी, गुरव, पालखी, होळी, कौल अशी गावाची सगळी घडी डोळ्यांपुढे येते. म्हणून 'देवरहाटी'कडे मी असं बघतो : 'राई' झाडांकडे बोट दाखवते, 'रहाटी' त्या झाडांशी वागायच्या रीतीकडे. वाळलेली काटकीही चुलीला न्यायची नाही, देवळाच्या वाशासाठी खोड लागलं तरी आधी देवीला कौल लावायचा, ही ती रीत. ती पाळली गेली म्हणून रान उरलं.

तेव्हा शुद्ध-अशुद्ध हा प्रश्नच इथे लागू नाही. घाटावर आणि छापील मराठीत 'देवराई' रुळला. १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या या रानांचा अभ्यास केला, त्यानंतर तो अभ्यासकांच्या लिखाणात पक्का झाला. गोव्यात सत्तरी तालुक्यात 'राय' ऐकू येते. तिथली 'निरंकाराची राय' रानजायफळाच्या दलदलीसाठी प्रसिद्ध आहे. कर्नाटकात कोडगूला 'देवरकाडु', राजस्थानात 'ओरण', केरळात 'कावु'. प्रत्येक ठिकाणी लोक घरचं नाव वापरतात. मग तुम्हीच का लाजता?

आता न विचारलेलं थोडं. हल्ली गृहसंकुलामागच्या मोकळ्या प्लॉटवर दोनशे रोपं लावली की पाटी लागते, 'आमची देवराई'. हेतू चांगला, पण मला हे पटत नाही. देवराईत तीन गोष्टी लागतात : वय, देव आणि बंदी. नव्या लागवडीला यातलं एकही नसतं. तिला 'वनराई' म्हणा, अगदी नेमका शब्द आहे. (अर्थात तोही आता सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून घातलेल्या 'वनराई बंधाऱ्या'मुळे ओढ्यात उतरलाय.)

दुसरं खटकलं ते तुम्ही पाठवलेल्या फलकाच्या मसुद्यातलं वाक्य : 'दर महिन्याला देवराई स्वच्छ केली जाते.' प्लास्टिक, दारूच्या बाटल्या, नारळाच्या पिशव्या उचलता ना? मग 'कचरा उचलतो' असं लिहा. 'स्वच्छ करतो' म्हटलं की पुढच्या खेपेला कुणी उत्साही माणूस खराटा घेऊन येतो आणि पातेरा, म्हणजे गळलेला पाला, झाडून काढतो. तो पातेराच जमिनीत ओल धरून ठेवतो. पडलेल्या बियांना, गांडुळांना, अळिंब्यांना त्याचाच आसरा. मेलेलं खोडही तसंच असू द्यावं. तुमच्या भागातल्या म्हाताऱ्या बेहड्यांच्या ढोलीत ककणेर, म्हणजे धनेश पक्षी, घरटं करतो. मादी आत बसते, ढोलीचं तोंड लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते आणि नर बाहेरून फळं भरवतो. अशी ढोल विशीतल्या झाडाला मिळत नाही. 'ढोल पडली, झाड धोकादायक' म्हणून ते तोडलं की तेवढ्यापुरतं पाखराचं घर गेलं. तीच गत 'सुशोभीकरण' या शब्दाची. देवळाभोवती फरशी, पेव्हर ब्लॉक, कडेने गुलमोहर. पुष्कळ देवरहाट्या कुऱ्हाडीने गेल्या तशा जीर्णोद्धारानेही गेल्या.

या कामाला आपल्याकडे सरळ क्रियापद आहे, 'राखणे'. शेत राखतात, गुरं राखतात, रान राखतात. राखणारा त्यात बदल करत नाही, बाहेरच्याला हात लावू देत नाही. 'संवर्धन' सरकारी अर्जात लिहा, तिथे तेच चालतं.

फलकावर मी मोठ्या अक्षरांत देवीचं नाव घालून 'देवरहाटी' लिहीन, खाली बारीक 'देवराई', म्हणजे पाहुण्यालाही कळेल. त्याखाली 'राखण : समस्त ग्रामस्थ आणि मुंबईकर मंडळी'. देणगीदारांची यादी नको. 'देवरहाटी'त र आणि हा वेगवेगळे लिहिले काय किंवा बोलण्याप्रमाणे 'देवऱ्हाटी' केलं काय, दोन्ही चालतं; फक्त एकाच पाटीवर दोन्ही नकोत. आणि पाटी खांबावर लावा, बेहड्याला खिळे ठोकून नको.