बगॅसमधून केमिकल निघतं, मग आपण तो जाळतो कशाला?

प्रश्न : सर, आमचा ऊस शिरोळ तालुक्यातल्या कारखान्याला जातो आणि मी स्वतः शिरोलीत एका फाउंड्रीत मोल्डिंगला आहे. साच्याची वाळू घट्ट धरावी म्हणून आम्ही तिच्यात जे फ्युरान रेझिन घालतो ते बगॅसपासून, म्हणजे रस काढल्यावर उरलेल्या उसाच्या चोथ्यापासून बनतं असं सप्लायरचा माणूस सांगत होता. खरं आहे का? आणि खरं असेल तर आपले कारखाने बगॅस बॉयलरमध्ये का घालतात?

उत्तर : खरं आहे, तुमचं रेझिन ज्या फरफ्युरल नावाच्या केमिकलपासून बनतं ते बगॅसमधून निघतं, पण त्यासाठी बगॅसच पाहिजे असं नाही. जगात सगळ्यात जास्त माल चीनमध्ये तयार होतो आणि तो दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांपासून. अमेरिकेत क्वेकर ओट्सवाल्यांनी 1922 साली ओटच्या टरफलांपासून हाच धंदा सुरू केला होता, टरफलांचे ढीग पडायचे आणि त्यांचं करायचं काय हा प्रश्न होता म्हणून.

आता बगॅसचं बघा. कोरड्या बगॅसमध्ये साधारण पाव भाग हेमिसेल्युलोज असतं, म्हणजे झायलोज नावाच्या साखरेच्या साखळ्या. ही आपल्या चहातली साखर नव्हे, पाच कार्बनवाली वेगळी. ॲसिड टाकून दीडशे-दोनशे डिग्रीला वाफेत ठेवलं की साखळ्या तुटतात, मग तेच ॲसिड कॅटॅलिस्ट म्हणून (म्हणजे स्वतः न संपता रिॲक्शन घडवून आणणारं) झायलोजमधून पाण्याचे तीन रेणू काढून घेतं आणि उरतं ते फरफ्युरल. कडू बदामासारखा वास, ताजं असताना पाण्यासारखं स्वच्छ आणि बाटलीत ठेवलं की हळूहळू काळं पडत जाणारं. कागदावर 150 किलो झायलोजचं 96 किलो फरफ्युरल व्हायला पाहिजे, पण नेहमीच्या जुन्या पद्धतीच्या प्लांटमध्ये त्याच्या निम्मं हाती लागलं तरी बरं म्हणायचं, कारण तयार झालेलं फरफ्युरल तिथेच थांबलं की उरलेल्या साखरेशी आणि आपापसातही जुळून त्याचा डांबरासारखा काळा चिकटा होतो, म्हणून ते तयार होईल तसं वाफेबरोबर बाहेर ओढावं लागतं, आणि खरा खर्च या वाफेचाच असतो.

पुढे तांब्याच्या कॅटॅलिस्टवर हायड्रोजन दिला की फरफ्युरिल अल्कोहोल आणि त्यातून तुमचं रेझिन. तुम्ही मिक्सरला जो हार्डनर सोडता तोही ॲसिड कॅटॅलिस्टच, आणि गरमीत रिॲक्शन जोरात होते, त्यामुळे उन्हाळ्यात डोस कमी आणि थंडीत जास्त, आणि जरा जास्त पडला की वाळू साच्यात जायच्या आधीच घट्ट व्हायला लागते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

राहिला कारखान्याचा प्रश्न. एक टन फरफ्युरलला कोरडा बगॅस दहा-बारा टन तरी लागतो, मिलमधून निघतो तो निम्मा पाण्याने भिजलेला म्हणजे त्याच्या दुप्पट धरा. हाच बगॅस जाळून कारखाना स्वतः चालतो, उरलेल्यावर कोजनची (साखरेबरोबरच तयार केलेली) वीज विकतो नाहीतर पेपर मिलला देतो. शिवाय सीझन चार-पाच महिन्यांचा, आणि ॲसिटिक ॲसिडचं सांडपाणी निघतं ते वेगळंच. पण दक्षिण आफ्रिकेत सेझेलाच्या साखर कारखान्याला लागून बगॅसपासून फरफ्युरल बनतंच की! साखळ्या काढून घेतल्यावर उरलेला चोथा जळतो, तो परत बॉयलरला देता येतो. माझं मत विचाराल तर एकट्या कारखान्याने नादी लागू नये, तीन-चार जणांनी बगॅस एका ठिकाणी आणला तर गणित मांडून बघायला हरकत नाही.

प्रश्न : साखरेत कार्बन आहे, पेट्रोलमध्येही कार्बन आहे. मग सगळं प्लास्टिक साखरेपासूनच का नाही करत? (बीएस्सी, लातूर)

उत्तर : कारण साखरेत निम्म्याहून जास्त वजन ऑक्सिजनचं असतं. 180 किलो ग्लुकोजमध्ये 96 किलो! साधं पॉलिथिन करायचं तर तो सगळा बाहेर घालवावा लागतो. ग्लुकोज आंबवून अल्कोहोल केलं की जास्तीत जास्त 92 किलो, आणि ॲल्युमिनाच्या कॅटॅलिस्टवरून नेऊन त्याचं इथिलीन, म्हणजे पॉलिथिनचा कच्चा माल, केलं की 56. बाकी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. ब्राझीलमध्ये ब्रास्केम कंपनी 2010 पासून हे करते, पण तिथे ऊस अफाट.

त्यापेक्षा ज्या केमिकलमध्ये मुळातच ऑक्सिजन लागतो ते बनवावं, कारण पेट्रोलवाल्यांना तोच ऑक्सिजन पैसे खर्चून घालावा लागतो. आपल्याकडे कोपरगावजवळ साकरवाडीला अल्कोहोलपासून इथाइल ॲसिटेट नावाचं सॉल्व्हंट बनतं ते याच जातीचं. नेदरलँड्समध्ये डेल्फझाइलला अव्हान्टियम कंपनीने फ्रुक्टोजपासून (फळांतली साखर) बाटल्यांच्या प्लास्टिकचा कच्चा माल बनवायचा 5,000 टनांचा प्लांट उभारलाय. फ्रुक्टोजमधून तीन पाणी काढायचे, मग ऑक्सिडेशन. आणि वर फरफ्युरलमध्ये सांगितलेल्या काळ्या चिकट्याची कटकट तिथेही आहेच.

प्रश्न : टूथपेस्टवर सॉर्बिटॉल लिहिलेलं असतं, ते साखरेचंच का? निकेल वापरतात म्हणे, मग ते पोटात जात नाही का? (गृहिणी, पुणे)

उत्तर : हो ताई, ग्लुकोजचंच, पण ऊस नाही, बहुतेक मक्याचा स्टार्च. ग्लुकोजच्या पाण्यात दाबाखाली हायड्रोजन सोडतात आणि कॅटॅलिस्ट म्हणून बहुतेक ठिकाणी रेनी निकेल. हे मरे रेनी नावाच्या अमेरिकन इंजिनियरने 1920 च्या दशकात काढलं, तेसुद्धा खाद्यतेल घट्ट करायला, म्हणजे आपल्या वनस्पती तुपाचं काम. निकेल-ॲल्युमिनियमचा मिश्रधातू कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकतात, ॲल्युमिनियम विरघळून जातं आणि आत बारीक बारीक भोकं पडलेलं निकेल उरतं. ते पाण्याखालीच ठेवावं लागतं, उघड्यावर वाळलं तर आपोआप पेट घेतं. रिॲक्शन झाली की निकेल गाळून परत वापरतात आणि जे थोडं विरघळलेलं असतं ते आयन एक्स्चेंजच्या रेझिनमधून (विरघळलेला धातू धरून ठेवणारे बारीक मणी, फाउंड्रीतलं रेझिन नव्हे) काढून टाकतात, त्यामुळे पेस्टची काळजी करू नका.

शुगर-फ्री गोळ्या-चॉकलेटांतही हेच असतं, पाकिटावर 420 हा सॉर्बिटॉलचा कोड नंबर दिसेल, त्याचा फसवणुकीशी संबंध नाही. मात्र एका बैठकीत पाकीट संपवलं तर जुलाब होतात, ते खरं.